बेळगावात घराच्या पन्हळी नेमक्या केव्हा आणि किती वेळा साफ कराव्यात?

प्रश्न : अनगोळकर, १९ एप्रिल

सप्रेम नमस्कार.

आमचे घर अनगोळमध्ये आहे. पुढचा भाग आजोबांच्या काळातील मंगळुरी कौलांचा असून मागचा भाग वडिलांनी नंतर वाढवलेला स्लॅबचा आहे. पुढच्या पाख्याला पूर्वी पन्हळ नव्हती. पागोळ्यांचे पाणी थेट जोत्यालगत पडून अंगणात चर पडत असे आणि भिंतीच्या खालच्या दोन फुटांचा गिलावा दर वर्षी फुगून सुटत असे, म्हणून चार वर्षांपूर्वी वळचणीला सुमारे चाळीस फूट लांबीची पीव्हीसी पन्हळ बसवून घेतली. तिच्या एका टोकाला तीन इंची पाईप खाली सोडला आहे. पहिली दोन वर्षे काहीही तक्रार नव्हती. गेल्या जूनमध्ये मात्र मृगाच्या पहिल्याच मोठ्या पावसात पन्हळीच्या मधोमध पाणी काठावरून ओसंडू लागले, आणि तेही अंगणाच्या बाजूने नव्हे, भिंतीच्या बाजूने. वाशांची टोके भिजली, आणि माजघराच्या भिंतीवर जी ओल उमटली ती दिवाळी येईपर्यंत हटली नाही.

दसऱ्यानंतर पावसाने उघडीप दिली तेव्हा शिडी लावून पाहिले. पन्हळीच्या मध्यभागी तीन बोटे जाडीचा गाळ बसलेला होता. वरचा थर चहाच्या चोथ्यासारखा काळा आणि ओला होता, तर खाली कौलांच्या तांबड्या भुकटीचा इतका घट्ट थर होता की तो थापीने खरवडावा लागला. एका जोडापाशी वीतभर उंचीचे पिंपळाचे रोप उभे होते आणि त्याची मुळे जोडाच्या रबरात शिरलेली होती. दोन्ही टोकांना मात्र गाळ फारसा नव्हता.

मला कोडे पडले आहे ते असे, की हीच पन्हळ मी त्याच वर्षी मार्चमध्ये, होळी झाल्यावर, स्वतः उभे राहून साफ करून घेतली होती. घरासमोर रस्त्याकडेला गुलमोहर आहे आणि शेजाऱ्यांच्या आंब्याची एक फांदी आमच्या कौलांवर येते. शिशिरातली पानगळ संपली म्हणजे काम संपले, असा माझा समज होता. तो चुकीचा असावा असे आता वाटते.

तरी जाणकारांनी कृपया सांगावे, की आपल्या भागात हे काम वर्षातून किती वेळा आणि कोणत्या सुमारास करावे, पन्हळीवर जाळी बसवण्याचा उपयोग होतो का, आणि हे काम स्वतः करावे की माणूस बोलवावा. माणूस बोलवण्याचा माझा अनुभव मजेदार आहे. मी एका कामगाराला फोनवर ‘गटर साफ करायचे आहे’ असे सांगितले, तर तो सकाळी फावडे आणि गमबूट घेऊन रस्त्याकडच्या गटारीपाशी जाऊन उभा राहिला. तेव्हापासून मी ‘पन्हळ’ हाच शब्द वापरतो.


उत्तर : जोते आणि जांभा, १९ एप्रिल

नमस्कार अनगोळकर.

मी स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झालो असून टिळकवाडीत राहतो. आपला प्रश्न सफाईचा आहे असे आपण मांडले आहे, परंतु आपण दिलेल्या वर्णनावरून त्यात निदान तीन वेगवेगळे दोष एकत्र आलेले दिसतात आणि केवळ सफाईची वारंवारता वाढवून त्यांतला एकच सुटेल.

आधी वेळेविषयी. मार्चमधली सफाई आपल्याकडे लवकर होते. गुलमोहराची बारीक पाने मार्चनंतरही गळत राहतात, आंब्याचा वाळलेला मोहोर त्याच सुमारास कौलांवर पडतो, आणि मे महिन्यात गुलमोहर फुलला की पाकळ्यांचा सडा पडतो तो वेगळाच. हे सगळे कौलांच्या खाचांमध्ये अडकून राहते, पन्हळीत लगेच येत नाही. मग एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. वळवाचा पाऊस थोडा आणि वारा फार, त्यामुळे तो कौलांवरची सगळी घाण पन्हळीपर्यंत लोटत आणतो, पण ती पाईपातून वाहून जाईल इतके पाणी त्याच्यात नसते. त्यानंतर आठ दिवस कडक ऊन पडते आणि तो लगदा पन्हळीच्या तळाला लिंपल्यासारखा वाळतो. याप्रमाणे दोन-तीन वळीव झाले की मृगाच्या पावसासाठी बंधारा तयार असतो. म्हणून मुख्य सफाई वळवाचे जोराचे पाऊस होऊन गेल्यावर, म्हणजे रोहिणी नक्षत्रात, २५ मे ते ७ जून या काळात करावी, असे माझे मत आहे. मार्चची सफाई करू नये असे नाही, पण एकच करणे शक्य असेल तर ती रोहिणीतली असावी.

दुसरी सफाई गणपतीच्या आधी करावी. त्या सुमारास घराची रंगरंगोटी आणि झाडलोट होतच असते, शिडी बाहेर निघालेली असते आणि पावसातही मधूनमधून उघडीप मिळते. हिचा उद्देश पाने काढणे हा कमी आणि गाळ काढणे हा जास्त असतो, कारण जुलैच्या संततधारेत कौलांची भुकटी, शेवाळ आणि धूळ धुऊन पन्हळीत येते. तिसरी पाहणी, जिला मी सफाई म्हणणार नाही, चित्रा नक्षत्राच्या आसपास ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात करावी. आपले कन्नड शेजारी ज्याला हिंगारू म्हणतात तो परतीचा पाऊस विजांसह येतो आणि तासाभरात पुष्कळ पडून जातो. शिवाय अरबी समुद्रातील वादळे मे-जूनप्रमाणे ऑक्टोबरनंतरही येतात. मे २०२१ मधील तौक्ते वादळाच्या वेळी पावसाळा सुरू होण्यापूर्वीच किनाऱ्यापासून घाटापर्यंत काय परिस्थिती झाली ते आपल्या स्मरणात असेल. अशा वादळाची सूचना जाहीर झाली की नक्षत्र न पाहता निदान पाईपाचे तोंड तरी मोकळे आहे की नाही ते पाहून घ्यावे.

आता दुसरा दोष. गाळ टोकांना न बसता मधोमध बसला, याचा अर्थ पन्हळ मध्यभागी खाली झोळली आहे. पन्हळीला दर दहा फुटांना साधारण पाव इंच उतार हवा, म्हणजे आपल्या चाळीस फुटांना एक इंच. एवढा उतार डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे बसवणारे पुष्कळदा पन्हळ वळचणीच्या रेषेत सरळ ठोकून मोकळे होतात. त्यातच पीव्हीसी उन्हाने वाढते आणि थंडीने आकसते. बारा मीटर लांबीची पन्हळ पंचवीस अंशांच्या फरकाने सुमारे दोन सेंटीमीटर कमीजास्त होते. तिला सरकण्याची मोकळीक ठेवली नसेल तर ती आडव्या दिशेने वाकते किंवा जोड सुटतात. आधाराच्या पट्ट्या दोन फुटांवर आहेत की तीन-चार फुटांवर, तेही मोजून पाहावे. आणि पाणी भिंतीकडे ओसंडले याचे कारण असे, की पन्हळीची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा खाली आहे. वास्तविक ती नेहमी अर्ध्या इंचाने तरी वर असायला हवी, म्हणजे पन्हळ तुंबलीच तर पाणी अंगणात पडेल आणि भिंत वाचेल. हा दोष सफाईने कधीही जाणार नाही.

तिसरा दोष पाईपाचा. आपले पाखे चाळीस फूट लांब आणि पंधरा फूट खोल धरले तर सहाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर क्षेत्र होते. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी, या हिशेबाने ताशी ५० मिलीमीटर वेगाच्या पावसात आपल्या पन्हळीत दर मिनिटाला सुमारे ४७ लीटर, म्हणजे मोठ्या तीन बादल्या पाणी येते. राष्ट्रीय इमारत संहितेतील तक्त्यानुसार त्या वेगाच्या पावसाला ७५ मिलीमीटरचा, म्हणजेच तीन इंची पाईप सुमारे ४१ चौरस मीटर छताला पुरतो आणि १०० मिलीमीटरचा सुमारे ८५ चौरस मीटरला. वेग दुप्पट झाला की क्षेत्र निम्म्यावर येते. आपला पाईप म्हणजे स्वच्छ असतानाही अपुरा आहे.

वळीव सुरू होण्यापूर्वी एक साधी परीक्षा करून पाहा. पन्हळ साफ करून वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता आणि दहा मिनिटांनी कोठे किती पाणी साचून राहिले ते पट्टीने मोजा. आकडे कळवा, मग पुढचे बोलू.


उत्तर : जांबोटीची वाट, २० एप्रिल

अनगोळकर आणि जोतेकाका, दोघांनाही नमस्कार.

काकांनी सांगितलेले शहरासाठी योग्यच आहे, परंतु आमच्याकडची रीत वेगळी असल्यामुळे तीही मांडतो. जांबोटीपासून पुढे कणकुंबीकडे, जेथे मलप्रभा उगम पावते त्या पट्ट्यात, पावसाचे मान बेळगाव शहरापेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि तेथील जुन्या घरांना समोरच्या बाजूला पन्हळ बहुधा नसतेच. त्याऐवजी वळचण दोन-अडीच फूट पुढे काढलेली असते आणि पागोळी जेथे पडते तेथे जांभ्याच्या चिऱ्यांची किंवा फरशीची पट्टी उताराने बसवलेली असते. जे नाही ते तुंबत नाही. आपल्याकडे मोकळी जागा असेल आणि वळचण पुढे काढता येत असेल तर पन्हळीचा आग्रह सोडून देण्याचा विचार अवश्य करावा.

मात्र दोन पाखी जेथे काटकोनात मिळतात, तेथील कोनाची पत्र्याची पन्हळ कोणालाच चुकत नाही आणि खरे नुकसान तीच करते, कारण ती तुंबली की पाणी बाहेर न पडता सरळ घरात येते. आमच्या घरी ती दर पंधरा दिवसांनी पाहिली जाते. वानरे कौलांवरून उड्या मारतात, त्यांनी सरकवलेल्या कौलाचा तुकडा त्या कोनात जाऊन बसतो आणि मागे पाने अडकत जातात. बांबूची पाने तर विशेष त्रासदायक असतात. ती लांब आणि चिवट असल्यामुळे एकमेकांत गुंतून चटईच तयार होते. पत्रा ओल्या पानांखाली महिनोन् महिने राहिला की गंजून त्याला सुईच्या अग्राएवढी भोके पडतात, म्हणून पाने काढल्यावर एखाद्या उघडीपीत पत्रा उन्हात वाळू द्यावा आणि जेथे गंज दिसेल तेथे तो घासून रंगाचा हात मारून घ्यावा.

स्वतः काम करण्याविषयी माझा अनुभव सांगतो, कारण तो सांगण्यासारखा आहे. तीन वर्षांपूर्वी गोठ्याच्या सिमेंटच्या पत्र्यावरून मी पन्हळीपर्यंत सरकत गेलो. खाली वासा कोठे आहे ते खिळ्यांच्या रांगेवरून कळते, हे मला ठाऊक होते, पण पत्र्यावर शेवाळ होते आणि पाय चार बोटे बाजूला घसरला. पत्रा फुटल्याचा आवाजही आला नाही. मी मांडीपर्यंत आत गेलो आणि दुसरा पाय आडव्या वाशावर अडकल्यामुळे तेवढ्यावर निभावले. खाली म्हैस बांधलेली होती, ती माझ्याकडे मान वर करून पाहत होती. तेव्हापासून सिमेंटच्या पत्र्यावर कोणालाही पाय ठेवू देत नाही. जाणे भागच पडले तर दोन-तीन वाशांवर टेकेल अशी लांब फळी आडवी टाकून तिच्यावरून जावे. जुन्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ते कोरडे असताना खराट्याने घासू नयेत. ओले करून मगच पुसावेत.

आणखी एक गोष्ट. पन्हळीत हात घालण्यापूर्वी काठीने ढवळून पाहावे. वळचणीखाली गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना, हेही आधी खालून पाहून घ्यावे.


उत्तर : वडगावकर ताई, २० एप्रिल

मी आरोग्य खात्यात घरोघरी पाहणीचे काम करते. पिंप, टायर, कुंड्यांच्या बशा हे सगळे लोक दाखवतात, पण पन्हळ कोणीही दाखवत नाही, कारण ती खालून दिसत नाही. जोतेकाकांनी सांगितलेल्या झोळलेल्या पन्हळीत पावसाने उघडीप दिल्यावरही बोटभर पाणी राहते. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून जून ते नोव्हेंबर या काळात आठवड्यातून एकदा पन्हळ कोरडी होते की नाही, एवढे तरी पाहावे. ही अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात आणि पाणी आटले तरी कित्येक महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी सांडून भागत नाही, कडा घासून घ्याव्या लागतात. साचलेल्या पाण्यात जळके तेल ओतण्याची सवय काही ठिकाणी आहे. पन्हळीचे पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडले असेल तर ते मुळीच करू नये.


अनगोळकर, २७ एप्रिल

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

रविवारी परीक्षा केली. वरच्या टोकाला दोन बादल्या ओतल्या. दहा मिनिटांनंतर मध्यभागी सुमारे सात फुटांच्या लांबीत पाणी साचून राहिले होते आणि सर्वांत खोल ठिकाणी ते सव्वा इंच भरले. गवंडीमामांना बोलावून पाण्याच्या नळीने पातळी मोजून घेतली, तेव्हा असे आढळले की पन्हळीला उतार असा जवळजवळ दिलेलाच नव्हता. आधाराच्या पट्ट्या साडेतीन फुटांवर आहेत. आतली कड बाहेरच्यापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली आहे. ज्यांनी काम केले त्यांचा फोन लागतो, पण ते येत नाहीत, असो.

जांबोटीकरांची सूचना मला मनापासून आवडली, परंतु आमच्या आणि शेजाऱ्यांच्या भिंतीत जेमतेम चार फूट बोळ असल्यामुळे वळचण पुढे काढणे शक्य नाही आणि आमच्या पागोळ्या त्यांच्या भिंतीवर पडलेल्या त्यांना चालणार नाहीत.

दोन शंका उरल्या आहेत. जाळीविषयी कोणी लिहिले नाही. तसेच मागच्या स्लॅबच्या गच्चीला दोन मोऱ्या आहेत, त्यांच्याकडे आम्ही कधी लक्षच दिलेले नाही. त्यांनाही हेच वेळापत्रक लागू होते काय?


उत्तर : शहापूर पेठ, २८ एप्रिल

गच्चीविषयी मी लिहितो, कारण ती चूक मी करून चुकलो आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव आणि आसपासच्या भागात जो पाऊस झाला, त्या आठवड्यात आमच्या गच्चीच्या एका मोरीवर पतंगाच्या कागदाचा लगदा आणि दुधाची रिकामी पिशवी बसली, तर दुसरीत मुलांचा रबरी चेंडू असा काही बसला होता की तो त्या मापाचाच बनवला असावा. सकाळी पाहतो तो गच्चीवर घोट्याएवढे पाणी साचलेले. शंभर चौरस मीटर गच्चीवर दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे दहा हजार किलो वजन, हा हिशेब मला नंतर समजला. त्या वेळी मी फक्त छत्री मिटवून तिच्या दांड्याने चेंडू उकरीत बसलो होतो. स्लॅब तरला, पण पाणी जिन्याच्या दाराखालून आत उतरले आणि खालच्या खोलीचे छत काळे पडले. तेव्हा मोऱ्यांवर सपाट जाळी न ठेवता तारेची घुमटासारखी जाळी ठेवावी, म्हणजे बुडाशी पाने अडली तरी वरून पाणी जात राहते. शिवाय कठड्यात, मोरीपेक्षा दोन-तीन इंच उंचीवर, एक जादा पाईप बाहेर काढून ठेवावा. मुख्य मोरी तुंबली की त्यातून धार पडते आणि रस्त्यावरूनच कळते की वर काहीतरी बिघडले आहे. वेळापत्रक तेच, फक्त गच्चीवर चढणे सोपे असल्यामुळे पावसाळ्यात दर रविवारी एक फेरी मारण्यास कोणतेही निमित्त चालते.

पन्हळीच्या जाळीविषयी माझे मत प्रतिकूल आहे. मोठ्या भोकांच्या जाळीतून गुलमोहराची पाने सहज खाली जातात, आणि बारीक जाळी घातली तर तीच पाने ओली होऊन जाळीवर गोधडीसारखी पसरतात व जोराच्या पावसात कौलांवरून येणारे पाणी त्या गोधडीवरून उडी मारून थेट अंगणात पडते. त्यावर कडी म्हणजे पुढच्या वर्षी सफाई करायची तर आधी जाळीचे क्लिप सोडवावे लागतात, आणि ऊन खाऊन कडक झालेले क्लिप हातातच तुटतात. मोठी, चामड्यासारखी पाने असणाऱ्या फणसाखाली वगैरे जाळीचा उपयोग होत असेल. आपल्याकडे जाळी फक्त पाईपाच्या तोंडाशी ठेवावी. आंब्याची फांदी मात्र शेजाऱ्यांना विचारून मे संपण्याच्या आत छाटून घ्या. आंबे उतरवल्यानंतर विचारलेत तर ते नाही म्हणणार नाहीत.


उत्तर : जोते आणि जांभा, २८ एप्रिल

शहापूरकरांशी जाळीच्या बाबतीत मी सहमत आहे.

अनगोळकर, आपली मापे पाहता पन्हळ बदलण्याची गरज नाही, ती फक्त पुन्हा बांधावी. मध्यभाग सर्वांत उंच ठेवून दोन्ही टोकांकडे वीस-वीस फूट उतार द्यावा. प्रत्येक बाजूस अर्धा इंच उतार पुरेसा होतो. दुसऱ्या टोकालाही एक पाईप सोडावा आणि शक्य असल्यास दोन्ही चार इंची घ्यावेत. असे केल्याने झोळही जातो आणि पाईपांची क्षमताही भागते. आधार दोन फुटांवर घ्यावेत. पाईपाच्या खालच्या कोपराला जोडणी न चिकटवता नुसती दाबून बसवावी, म्हणजे तुंबल्यास ती हाताने काढता येते. पाईपाचे पाणी जोत्यापासून निदान पाच-सहा फूट दूर न्यावे. आपल्या बाजूस तांबडी माती असेल तर एवढे पुरते. येळ्ळूरकडच्या काळ्या मातीवर घर असते तर मी आणखी दूर नेण्यास सांगितले असते, कारण ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, आणि जोते तिच्याबरोबर वरखाली होते.

सफाईच्या वेळी सुरुवात पाईपाच्या तोंडापासून करून उंच भागाकडे जावे. उलट केल्यास गाळ ढकलला जाऊन पाईपात उतरतो. तोंडात सुतळीने बांधलेला फडक्याचा बोळा घालून ठेवावा आणि काम संपल्यावर तो आठवणीने काढावा. सुतळीचे टोक बाहेर लोंबत ठेवण्याचे कारण हेच. खरवडण्यासाठी लोखंडी थापी वापरू नये, तिने पीव्हीसीला ओरखडे पडतात. तेलाचा पाच लीटरचा प्लास्टिकचा रिकामा डबा तिरका कापला की पन्हळीच्या गोलाईत बसणारे उत्तम खोरे तयार होते. शिडी पन्हळीला टेकवू नये, भिंतीला टेकवावी. बारा फुटांवर टेकत असेल तर पायथा भिंतीपासून तीन फुटांवर असावा, आणि खाली धरणारा माणूस हवाच. खांबावरून येणारी विजेची तार वळचणीजवळून जात असेल, आणि जुन्या घरांमध्ये ती बहुधा जातेच, तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद झाल्याखेरीज त्या टोकाला काम करू नये. घरातले मेन बंद केल्याने ती तार बंद होत नाही. वळवाचा गडगडाट ऐकू आला की अर्धे काम टाकून खाली उतरावे.


अनगोळकर, ११ जून

उशिरा कळवत आहे, क्षमस्व.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गवंडीमामा आणि त्यांचा मुलगा यांनी दोन दिवसांत पन्हळ उतरवून पुन्हा बांधली. मध्यभागी उंचवटा, दोन्ही टोकांना चार इंची पाईप, आधार दोन फुटांवर. वीज कंपनीचा माणूस सांगितल्या वेळेच्या तीन तास उशिरा आला, तोवर आम्ही चहा घेत बसलो. शेजारच्या काकूंनी आंब्याची फांदी छाटू दिली, मात्र तिच्यावरचे दोन आंबे पिकायचे होते, ते पिकल्यावर त्या बदल्यात आमच्याकडून शेवग्याच्या शेंगा नेल्या.

त्यानंतर तीन वळीव झाले. त्यांतला २४ मेचा गारांसह होता. १ जूनला मी स्वतः शिडीवर चढलो आणि तेलाच्या डब्याच्या खोऱ्याने काढता काढता दीड घमेले माल निघाला. मार्चमध्ये साफ केलेल्या आणि मेमध्ये धुऊन बसवलेल्या पन्हळीत तीन आठवड्यांत एवढे साचते, हे मी पाहिले नसते तर मला खरे वाटले नसते. त्यात निम्म्याहून अधिक गुलमोहराच्या पाकळ्या होत्या, चिकट आणि जांभळट झालेल्या. ते सगळे आईने कढीपत्त्याच्या बुंध्याशी घातले.

परवा रात्री मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला. दोन वाजता बॅटरी घेऊन बाहेर उभा राहिलो. दोन्ही पाईपांतून पूर्ण धारा पडत होत्या आणि भिंतीकडची कड कोरडी होती. पूर्वेकडच्या दुसऱ्या जोडातून थेंब गळतो, साधारण मोजून दहा आकड्यांना एक. रबर बदलावे लागेल, पण कोरडे झाल्याखेरीज ते बसत नाही असे मामा म्हणतात, म्हणून सध्या त्याखाली डबा ठेवला आहे आणि वडगावकर ताईंनी सांगितल्याप्रमाणे तो रोज सकाळी रिकामा करतो.